दोनशे खरी वाक्यं

चौसष्ट पानांच्या व्याकरणाच्या पुस्तकापायी एका इमारतीतल्या चार बिऱ्हाडांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण घडलं तसंच. त्यात व्याकरणाचा काही दोष नव्हता. व्याकरण बिचारं आपल्या जागी गप्प बसलेलं असतं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. दोष होता कर्मणी सरांचा, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही अर्धाच.

कर्मणी हे काही सरांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं. एरवी माणूस शांत, पण कर्मणी प्रयोग आला की त्यांचा चेहरा उजळायचा, आवाज चढायचा आणि तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू यायची नाही. मुलांनी नाव ठेवलं, ते शिक्षकांनी उचललं आणि निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापकांनी भर सभेत तेच घेतलं. सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मान राखायचा तर कधी कधी बहिरं व्हावं लागतं.

सरांना आणखी एक खोड होती. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या चिठ्ठ्या, नळ बंद राहणार असल्याच्या सूचना, काही सुटत नसे. एकदा एका शोकसभेत फळ्यावरच्या मजकुरात त्यांनी उठून खडूनं स्वल्पविराम घातला होता. गेलेल्या गृहस्थांच्या मुलानं त्यानंतर सरांना ओळख दिली नाही. या खोडीचा सगळ्यात जास्त मार खाल्ला तो काकूंनी. काकू म्हणजे सरांची बायको, इमारतीतले लहानथोर त्यांना काकूच म्हणत. काकूंचं शिक्षण शाळेपुरतं, पण सरांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावता लावता, गुणांच्या बेरजा करता करता त्या इंग्रजी शिकल्या. रोज संध्याकाळी त्या सरांना काहीतरी वाचून दाखवायच्या आणि सर दर ओळीला त्यांना थांबवायचे. हा उच्चार असा नाही, इथे श्वास घ्यायचा नाही, हे पुन्हा वाच. मूलबाळ नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार असा ओळीओळीला थांबत पण मजेत चालला होता.

आता पुस्तकाचं. इंग्रजीत एक वाक्य असतं. ‘इट इज सेड दॅट’, म्हणजे असं म्हटलं जातं की. आधी कर्मणी क्रियापद, मग ‘की’, आणि त्या ‘की’च्या मागून एक आख्खं वाक्य, इंजिनाला डबा जोडावा तसं. म्हटलं जातं की, मानलं जातं की, ठरवण्यात आलं की, आढळून आलं की. सरांच्या मते माणसाच्या सभ्यतेचा पाया याच वाक्यावर उभा होता. कारण यात कोण म्हणतं, कुणी ठरवलं, हे सांगावं लागत नाही. कर्ता गाळला की भांडण निम्मं होतं, असं ते वर्गात सांगत. एवढ्या एका वाक्यावर पुस्तक लिहायचं त्यांच्या वीस वर्षं मनात होतं. वीस वर्षं ते मनातच होतं, कारण मनातल्या पुस्तकात चुका निघत नाहीत.

ते कागदावर आलं ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंमुळे. काकूंना शिवणात दोरा ओवता येईना, म्हणून चष्म्याचा नंबर बदलायला दोघं गेले होते. बाईंनी डोळ्यात औषध घातलं, तासभर बसवलं, पुन्हा तपासलं, आणि चष्म्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. डोळ्याच्या आतला पडदा झिजत चालला आहे, म्हणाल्या. औषधानं वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही. सहा महिने, फार तर सात. पुढे उजेड आणि अंधार एवढं कळेल. सरांनी विचारलं, हे कशामुळे झालं. बाई म्हणाल्या, कशामुळे असं नाही, काहींना होतं.

काकूंनी एकच विचारलं, तोवर वाचता येईल ना. तोवर येईल, असं उत्तर मिळालं. घरी येताना जिन्यात त्या दम खायला थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमचं पुस्तक तेवढं वाचायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत सरांनी नवी वही काढली. चार महिन्यांत पुस्तक छापून काकूंच्या हातात द्यायचं आणि त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. दुसरं काही त्यांना नको होतं.

नियम समजावायला दहा पानं पुरली. घोडं अडलं ते उदाहरणांपाशी. आठ स्वाध्याय, प्रत्येकात पंचवीस वाक्यं, म्हणजे दोनशे. इतर पुस्तकांतून असते ती पृथ्वी गोल आहे असं मानलं जातं, प्रामाणिकपणा चांगला असं म्हटलं जातं, ही शिळी भाजी सरांना चालणार नव्हती. उदाहरण खरं हवं, हा त्यांचा बाणा. खोटं उदाहरण दिलं की मूल नियमही खोटा धरतं. वर्गात ते नेहमी समोर दिसेल त्यावरून वाक्य करायचे, खिडकी फुटलेली आहे असं दिसतं, शिपाई झोपलेला आहे असं कळतं. आता वर्ग नव्हता, तर इमारत होती. सर दोन आठवडे गॅलरीत वही घेऊन बसले आणि इमारत आपोआप वाक्यांत उतरत गेली.

असं म्हटलं जातं की दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर स्वतःच्या दातांसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. असं मानलं जातं की पाण्याची टाकी दर महिन्याला धुतली जाते. असं आढळून आलं आहे की विम्याचे एजंट घरात असले तरी घरात नसतात. असा आरोप केला जातो की शिवणाच्या बाईंकडे दिलेलं कापड शिवताना आटतं. अशी दोनशे. कुणाचं नाव नाही. वाक्यं कशी चोख, कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, ते प्रेसवाल्यांना लागणार नव्हतं. म्हणून काकू ती वाक्यं जाड पेनानं, टपोऱ्या अक्षरांत उतरवून काढू लागल्या. नाक कागदाला टेकेल इतक्या वाकून लिहायच्या. लिहिताना प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणायच्या, आणि एजंटांच्या वाक्याला त्या इतक्या हसल्या की पेन खाली ठेवावं लागलं. तो महिना फार चांगला गेला. इतका चांगला की डॉक्टरीणबाई काही बोलल्या होत्या हे दोघं मधूनमधून विसरत.

काकूंनी एकदा सावध केलं होतं, नाही असं नाही. लोक ओळखतील हो, म्हणाल्या. सर हसले. चौतीस वर्षांत हजारो मुलांना त्यांनी शिकवलं, पण स्वाध्यायातलं वाक्य काय सांगतं याकडे लक्ष देणारं एक मूल त्यांना भेटलं नव्हतं. मुलं रिकामी जागा भरतात आणि पुढे जातात. व्याकरणातली उदाहरणं कुणी वाचत नाही, हा त्यांचा अनुभवसिद्ध सिद्धांत होता. काकू म्हणाल्या, लोक दुसरं काही वाचत नसतील, स्वतःबद्दलचं मात्र वाचतात.

पण सरांनी काकूंचं ऐकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पहिली मुद्रितं आली, आणि लेखक म्हटलं की अभिप्राय हवाच, म्हणून त्यांनी आपल्या हातानं चार प्रती काढल्या आणि टाकीचा कारभार बघणारे इमारतीचे सेक्रेटरी, डॉक्टर, एजंट आणि शिवणाच्या बाई यांच्या घरी नेऊन दिल्या. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, पण धोंडा घरोघरी पोचवणारे विरळा.

पहिले दोन दिवस नुसता सल्ल्यांचा पाऊस. एजंट म्हणाले, मुखपृष्ठावर सरांचा फोटो हवा, पण तरुणपणचा. डॉक्टर म्हणाले, अक्षर बारीक आहे. शिवणाच्या बाईंना शिवण उसवेल अशी शंका आली, पुस्तकाची. सेक्रेटरींनी सुचवलं की सुरुवातीला इमारतीच्या कार्यकारिणीचे आभार मानावेत. सरांनी सगळं वहीत टिपून घेतलं आणि काकूंना म्हणाले, बघ, नुसतं वरवर चाळलंय सगळ्यांनी.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींची सून माहेरून परत आली. तिचं इंग्रजी चांगलं होतं. तिनं जेवणानंतर सासऱ्यांना पहिला स्वाध्याय वाचून दाखवला.

संध्याकाळी सातच्या सुमारास सरांच्या घरात चौघं उभे होते. काकूंनी खुर्च्या दिल्या, पण कुणी बसेना. सेक्रेटरींनी विचारलं, टाकी धुतली जाते असं ‘मानलं जातं’ म्हणजे काय, धुतली जात नाही का? सर म्हणाले, तसं वाक्यात कुठेही म्हटलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, स्वतःचा दात मी काय आरशात बघून काढू? शिवणाच्या बाई नुसत्या पदर पिळत होत्या. सरांनी फळा नसताना फळ्याकडे हात केला आणि समजावून सांगितलं की या रचनेत कर्त्याला महत्त्व नसतं, म्हणून तो गाळलेला असतो.

"गाळलेला असतो ना," सेक्रेटरी म्हणाले, "मग आता घाला. हे म्हणतं कोण, तेवढं सांगा."

आता सर काय सांगणार? दाताचं त्यांना एजंटांनी सांगितलं होतं. एजंटांचं डॉक्टरांनी. कापडाचं सेक्रेटरींच्या घरून कळलं होतं, आणि टाकीचं तर शिवणाच्या बाई रोज जिन्यात बोलत होत्या. सर गप्प राहिले. त्यांना वाटलं, आपण सज्जनपणा करतोय. पण चोराच्या मनात चांदणं. त्या शांततेत चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणी काय सांगितलं असेल ते चौघांनाही लख्ख कळलं. चहा न घेता सगळे गेले, आणि जाताना जिन्यात एकानंही दुसऱ्याला वाट दिली नाही.

पुढचे तीन आठवडे इमारतीत स्मशानशांतता होती. टाकी धुवायची पाळी कुणाची यावर बोलायला लागलं असतं, म्हणून टाकी धुतली गेली नाही. सरांचं टाकीचं वाक्य त्यामुळे अधिकच खरं झालं, पण हे बोलून दाखवण्याइतके ते भोळे उरले नव्हते.

इथे सरांनी गुपचूप पुस्तक छापून टाकायला हवं होतं. पण पुस्तकाला सरकारी नोंदणी क्रमांक हवा, हा त्यांचा हट्ट. क्रमांक नाही ते पुस्तक नव्हे, चोपडं. काकूंच्या हातात चोपडं द्यायचं नव्हतं. तेवढा हट्ट सोडला असता तर चार महिने वाचले असते, आणि हे पुढे सरांना फार लागलं. त्या वेळी मात्र त्यांना ते साधं काम वाटलं. अर्ज भरायचा, क्रमांक घ्यायचा.

नोंदणी कार्यालयात एक टेबल होतं, त्यामागे एक कारकून होते आणि कारकुनांसमोर विषयांची छापील यादी होती. यादीत व्याकरण नव्हतं. वैद्यक होतं, व्यापार होता, व्यायाम होता. सरांनी भाषा हा विषय सुचवला, तर भाषेच्या रकान्यात फक्त शब्दकोश बसतात असं कळलं. कारकुनांनी बरंच वर खाली पाहून अक्षरांच्या हिशेबानं सगळ्यात जवळचा म्हणून व्यायाम धरला. आतमध्ये स्वाध्याय आहेत ना, मग झालं, म्हणाले. सरांचं आयुष्यभराचं चिंतन सूर्यनमस्कारांच्या शेजारी जाऊन बसलं. तेही सरांनी गिळलं, कारण दोन महिने उलटले होते, आणि त्या सकाळी काकूंनी चहा कपाच्या बाहेर ओतला होता.

काकूंनी फडक्यानं टेबल पुसलं, हात थरथरतो हल्ली, म्हणाल्या. सरांनी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं. कळविण्यात येते की आपला अर्ज त्रुटीयुक्त असल्याचे आढळून आले आहे. सरांनी पत्र दोनदा वाचलं. रचना निर्दोष होती. ते पत्र घेऊन कार्यालयात गेले आणि विचारलं, कुणाला आढळून आलं? कारकून म्हणाले, आढळून आलंय. पण कुणाला? कारकुनांनी पत्र हातात घेऊन मागचं पुढचं पाहिलं आणि मोठ्या सहानुभूतीनं म्हणाले, तसं इथे लिहिलेलं नाही. सर बाकावर बसून राहिले. जिथे कुणीच काही केलेलं नसतं तिथे माणसानं भांडायचं तरी कुणाशी, हे त्यांना सुचेना. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातही त्यांचं हेच झालं होतं.

त्रुटी होती रहिवासाच्या दाखल्याची. तो द्यायचा कुणी, तर इमारतीच्या सेक्रेटरींनी. सेक्रेटरी दाराआडून म्हणाले, उल्लेख झालेल्या सगळ्यांची लेखी संमती आणा, मग दाखला.

मग सरांचे संमतीचे जिने सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, माझं वाक्य काढून टाका. काढलं. मग त्यांना कळलं की बाकी तिघं राहणार आहेत आणि आपण एकटेच गळणार आहोत. त्याचं त्यांना वाईट वाटलं. वाक्य ठेवा म्हणाले, पण सन्मानानं, दुसरे डॉक्टर माझ्याकडे येतात असं लिहा. एजंटांना वाक्याखाली फोन नंबर हवा होता. शिवणाच्या बाईंनी संमती दिली, फक्त टाकीच्या वाक्यातून दर महिन्याला हे शब्द वगळून वर्षातून एकदा हे शब्द घालायच्या अटीवर. सेक्रेटरींनी त्याला तीव्र हरकत घेतली. चौघं एकमेकांशी बोलत नसल्यानं सरांनाच निरोप घेऊन वरखाली करावं लागे. एकाचं समाधान झालं की दुसरा बिघडे. आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून पुन्हा आगीत, तेही गुडघेदुखीसकट. मुद्रितं तीनदा बदलली. प्रेसवाले म्हणाले, मास्तर, आमच्याकडे निवडणुकीच्या याद्याही इतक्यांदा बदलत नाहीत.

चौथा महिना गेला. पाचवा गेला. काकू आता जिन्याच्या पायऱ्या ओठातल्या ओठात मोजून उतरायच्या. संध्याकाळचं वाचन बंद पडलं होतं. काकू म्हणाल्या, तुमचं पुस्तक आलं की तेच वाचीन एकदम, तोवर डोळे राखून ठेवते. सरांना ते पटलं, म्हणजे पटवून घेतलं. पण आपण निवांत बसलो असताना काकू समोर रिकाम्या भिंतीकडे बघत बसतात हे त्यांना दिसत होतं. मग त्यांना घरात बसवत नसे आणि ते पुन्हा एखादा जिना उतरत.

सहावा महिना लागल्यावर एका दुपारी सरांनी हात टेकले. टेबलाशी बसून त्यांनी दोनशेच्या दोनशे वाक्यांवर काट मारली. दोन दिवसांत नवी दोनशे लिहिली. असं मानलं जातं की पृथ्वी गोल आहे. असं म्हटलं जातं की प्रामाणिकपणा हे सर्वोत्तम धोरण आहे. असं आढळून आलं आहे की पाणी उताराकडे वाहतं. एकेक वाक्य लिहिताना त्यांना स्वतःची लाज वाटत होती. चौतीस वर्षं ज्याला नाकं मुरडली तेच आता स्वतःच्या नावावर छापून येणार होतं. कुणाची हरकत येणं शक्य नव्हतं. पृथ्वी कुणाकडे तक्रार करत नाही.

काकू पलंगावर पडल्या होत्या. काय लिहिताय, त्यांनी विचारलं. उतरवून देऊ का?

"नको," सर म्हणाले. "एकदोन शब्द बदलतोय. बाकी सगळं तुझंच आहे, जसंच्या तसं."

हे खोटं त्यांनी का सांगितलं? त्या वाक्यांवर काकूंचा जीव होता म्हणून. पेन खाली ठेवून हसल्या होत्या त्या. ते सगळं पुसून टाकलं हे सांगायचं तोंड सरांना नव्हतं. पुस्तक हातात आलं की कळेलच, तेव्हा बघू, असं त्यांनी ठरवलं. भित्र्या माणसाचे सगळे बेत असेच असतात. आणि काकूंनीही, उतरवून देते असा आग्रह धरला नाही. हातही दुखतोच हल्ली, म्हणाल्या.

सेक्रेटरींनी नवे स्वाध्याय सुनेकडून दोनदा वाचून घेतले आणि दाखला दिला. कारकुनांनी शिक्का मारला. त्यानंतर प्रेसचं मशीन आठवडाभर बंद पडलं, कारण आता तेवढंच राहिलं होतं.

पुस्तक आलं ते सातवा महिना अर्धा सरल्यावर. सकाळी दहा वाजता सर स्वतः प्रेसवर जाऊन दोन प्रती घेऊन आले, बाकीचा गठ्ठा मागाहून येणार होता. मुखपृष्ठावर फोटो नव्हता. मागे नोंदणी क्रमांक होता, आणि त्याखाली बारीक अक्षरात व्यायाम.

काकू खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या. पदराला हात पुसले. सरांनी दिलेली प्रत आधी हुंगली, मग कव्हरावरून तळहात फिरवला, सावकाश, कडेपर्यंत. चष्मा लावला. सर समोर वेताच्या मोड्यावर दुसरी प्रत घेऊन बसले. आता ती पहिलाच स्वाध्याय उघडणार, पृथ्वी गोल आहे असं वाचणार, आणि मान वर करून आपल्याकडे बघणार. काय सांगायचं ते त्यांनी येताना वाटेत तीनदा घोकलं होतं.

काकूंनी पानं उलटली. घसा साफ केला. आणि पूर्वीसारखं, संध्याकाळच्या वेळी वाचायच्या त्याच आवाजात वाचायला लागल्या.

"असं म्हटलं जातं की," त्या इंग्रजीत वाचत होत्या, एकेक शब्द सुटा, स्वच्छ, "दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर स्वतःच्या दातांसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जातात."

सरांनी आपल्या प्रतीत पाहिलं. पृथ्वी गोल होती. त्यांना पहिल्यांदा वाटलं, प्रेसवाल्यांनी जुनीच मुद्रितं छापली की काय. ते अर्धवट उठून पुढे वाकले. काकूंच्या मांडीवर उघडं होतं ते पान अनुक्रमणिकेचं होतं.

काकू पुढे वाचत होत्या. टाकीचं वाचलं. कापडाचं वाचलं. जिथे पान संपेल असा त्यांचा अंदाज होता तिथे त्यांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं, दोन पानं एकदम उलटली, आणि एक शब्द न अडखळता पुढचं वाक्य घेतलं. एजंटांच्या वाक्याशी हसल्या. सर मोड्यावर बसले. इतके महिने आपण कुणासाठी जिने चढलो, आणि ज्याच्यासाठी चढलो ते कधीच हातातून निसटलं होतं, हे त्यांना त्या क्षणी एकदम कळलं, आणि त्यांना इतकं रडू आलं की ते आवरायला त्यांनी पुस्तकाची कड दातांत धरली. किती दिवसांपासून दिसत नसेल हिला? महिना? दोन महिने? आपण विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं.

दहाव्या वाक्याशी काकू थांबल्या. पान तसंच धरून त्यांनी मान वर केली आणि सर बसले होते त्याच्या जराशा डावीकडे बघत विचारलं, "हे काय, आज तुम्ही एकदाही थांबवलं नाहीत?"

सरांनी पुस्तकाची कड दातांतून काढली.

"थांबवण्यासारखं काही नाही ना," ते म्हणाले.

"एकही चूक नाही?"

"एकही नाही."

काकूंचा चेहरा असा खुलला की सरांना त्याच्याकडे बघवेना. "मी म्हटलं होतं ना, वाचीन म्हणून," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, पुस्तक उजेडाकडे थोडं तिरपं केलं आणि अकरावं वाक्य वाचायला घेतलं. सरांनी आपल्या हातातली प्रत मिटून खाली जमिनीवर ठेवली आणि ते ऐकत बसले.